सोलापूर ते कास-ठोसेघर एकदिवसीय सहल: वाटाड्या अव्वल, वेळापत्रक घाईचे

श्रावण संपत आला की सोलापुरातल्या प्रवासी संस्थांच्या फलकांवर कास पठाराची छायाचित्रे झळकू लागतात. रात्री जेवून निघायचे, दुसरा संपूर्ण दिवस साताऱ्याच्या डोंगरांत घालवायचा आणि त्याच रात्री घरी परतायचे, असा या सहलींचा ठरलेला साचा असतो. यंदा सप्टेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात आम्ही कुटुंबीय सात रस्ता परिसरातील एका संस्थेमार्फत ही सहल करून आलो. माणशी १,९५० रुपयांत जाण्या-येण्याचा प्रवास, सकाळचा चहा-नाष्टा, दुपारचे जेवण, पठाराचे प्रवेशशुल्क आणि स्थानिक मार्गदर्शक एवढे सारे अंतर्भूत होते. संस्थेचे नाव येथे मुद्दाम घेतलेले नाही. शहरातल्या बहुतेक संस्थांचा कार्यक्रम आणि दर जवळपास सारखेच असल्यामुळे पुढील बाबी कोणाकडेही नोंदणी करणाऱ्यास उपयोगी पडतील. आमचे मत थोडक्यात असे की, या सहलीचे खरे मोल पठारावरचे धुके आणि तिथला वाटाड्या या दोन गोष्टींत आहे, आणि सहल आखणाऱ्यांना नेमक्या याच दोन गोष्टींची किंमत कळलेली नाही.

प्रवासाबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. बस रात्री दहाला सात रस्त्यावरून निघणार होती, ती पुणे नाक्यावरचे प्रवासी घेऊन साडेदहाच्या पुढे शहराबाहेर पडली, आणि एवढा उशीर सोलापूरकरांच्या हिशेबात उशीर धरला जात नाही. मोहोळ, पंढरपूर, म्हसवड, दहिवडी, पुसेगाव, कोरेगाव असा मार्ग होता. पंढरपूरपर्यंतचा रस्ता आता इतका चांगला झाला आहे की झोप मोडत नाही. पुढे मात्र अधूनमधून गचके बसतात. आसने मागे कलणारी होती, पांघरूण ज्याचे त्याने आणायचे होते, आणि वातानुकूलन कमी करण्याची विनंती चालकाने दुसऱ्यांदा सांगितल्यावर ऐकली. आपली एक चादर सोबत ठेवावी. सोलापुरातून निघणाऱ्या माणसाला हे वेगळे सांगायला नको.

पहाटे साडेचारच्या सुमारास साताऱ्यात पोहोचल्यावर आवरण्यासाठी एका लॉजमध्ये खोल्या दिल्या गेल्या. सहलीतला पहिला खटकणारा भाग हा. सुमारे पस्तीस प्रवाशांसाठी तीनच खोल्या होत्या, त्यातली एक महिलांसाठी. गरम पाणी पहिल्या काही जणांनाच मिळाले, पुढच्यांना बादलीभर थंड पाण्यावर भागवावे लागले, आणि ज्येष्ठ महिलांना जिन्यात रांगेत उभे राहावे लागले. माहितीपत्रकात 'फ्रेश होण्याची उत्तम सोय' असे छापलेले होते. दर माणशी पन्नास रुपये वाढवून आणखी दोन खोल्या घेतल्या असत्या तर एकाही प्रवाशाने कुरकुर केली नसती. पोह्यांचा नाष्टा गरम आणि पोटभर मिळाला, हे तितक्याच प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे.

मोठी बस साताऱ्यातच ठेवून पुढचा प्रवास स्थानिक लहान गाड्यांतून झाला, आणि हा निर्णय योग्यच होता, कारण समर्थ मंदिराकडून वर चढणारा यवतेश्वरचा घाट अरुंद आणि वळणांचा आहे. एका गाडीच्या शेवटच्या आसनाजवळची काच पूर्ण बंद होत नव्हती, त्यामुळे तिथे बसलेले दांपत्य पठारावर पोहोचण्याआधीच अर्धे भिजले. घाट चढताना मागे अजिंक्यतारा आणि खाली सातारा शहर दिसत राहते, असे सहल-व्यवस्थापक सांगत होते. आम्हांला त्यातले काही दिसले नाही. दुसऱ्या वळणावरच ढग आडवे आले आणि रस्त्याच्या कडेचे पांढरे दगड तेवढे दिसत राहिले.

येथे थोडे थांबून धुक्याविषयी लिहिणे आवश्यक वाटते, कारण सोलापूरच्या माणसाने या सहलीसाठी पैसे मोजायचे ते मुख्यतः याच्यासाठी, असे आमचे मत झाले आहे. अरबी समुद्रावरून येणारे बाष्पाने भरलेले वारे सह्याद्रीच्या कड्याला धडकतात, वर चढतात, चढता चढता थंड होतात आणि त्यातल्या बाष्पाचे ढग बनतात. कास पठार समुद्रसपाटीपासून साधारण १,२०० मीटर उंचीवर, ऐन कड्याच्या माथ्याजवळ असल्यामुळे ते ढग पठारावरच टेकतात. म्हणजे ज्याला आपण धुके म्हणतो त्यात उभे असताना आपण प्रत्यक्षात ढगात उभे असतो. महाबळेश्वरला वर्षाकाठी ५,००० मिलीमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि तिथून पूर्वेला जेमतेम शंभर किलोमीटरवर असलेल्या, त्याच सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात ५०० मिलीमीटरचीही खात्री नसते, कारण माथा ओलांडून खाली उतरणारा वारा पुन्हा तापतो आणि कोरडा होत जातो. आपण सोलापूरकर त्या कोरड्या वाऱ्याच्या टोकाला राहतो. आपल्याकडे धुके पडलेच तर ते हिवाळ्याच्या एखाद्या पहाटे पडते आणि आठ वाजता उठते. चष्म्याच्या काचेवर, भुवयांवर आणि पोरांच्या केसांवर बारीक थेंब धरणारा, पाऊस न पडताही माणसाला ओले करणारा हा प्रकार पाहण्यासाठीच आपण रात्रभराचा प्रवास करतो.

आमच्या गटातल्या अनेकांची मात्र वेगळीच अपेक्षा होती, आणि त्याला संस्थेचा फलक जबाबदार आहे. फलकावर निरभ्र आकाशाखाली क्षितिजापर्यंत पसरलेला जांभळा-पिवळा गालिचा छापलेला होता. गाडीतून उतरल्यावर समोर दहा पावलांपलीकडचे काही दिसेना. एका गृहस्थांनी खास सोलापुरी सुरात "काय बी दिसंना की ओ, पैसे पाण्यात" असे जाहीर केले आणि बऱ्याच जणांनी माना डोलावल्या. कासचा बहर ऊन-पावसाच्या खेळावर अवलंबून असतो. ऑगस्टच्या अखेरीपासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत दर आठ-पंधरा दिवसांनी पठाराचा रंग पालटतो, आणि छायाचित्रातला गालिचा नेमक्या तुमच्याच रविवारी तुमच्यासाठी उघडा पडेल याची हमी कोणीही देऊ शकत नाही. हे नोंदणीच्या वेळीच सांगितले असते, तर निम्मी नाराजी तिथेच संपली असती.

ती नाराजी प्रत्यक्षात दूर केली ती स्थानिक मार्गदर्शकाने. पठाराची व्यवस्था वन विभाग आणि आसपासच्या गावांची मिळून झालेली समिती पाहते, आणि मार्गदर्शकही याच गावांतले तरुण असतात. आम्हांला मिळालेला तरुण अंगावर साधे इरले-वजा प्लास्टिक पांघरून आणि खिशात एक भिंग ठेवून आला होता. गटाचा सूर ओळखून त्याने पहिलेच वाक्य टाकले, "आज लांब बघून काही मिळायचं नाही, खाली बघा." आणि रस्त्याकडेच्या ओल्या कातळापाशी तो सरळ उकिडवा बसला.

पुढचा सव्वा तास आमच्या सहलीचा सर्वोत्तम भाग ठरला. जांभ्या दगडाचे हे पठार म्हणजे मुळात बेसाल्टवर चढलेले लालसर, सच्छिद्र कवच; त्यावर मातीचा थर कित्येक ठिकाणी बोटभरही नाही. पावसाळ्यात त्यावर पाणी साचून राहते, उन्हाळ्यात तोच कातळ तव्यासारखा तापतो, त्यामुळे झाडे रुजत नाहीत आणि चार महिन्यांत उगवून, फुलून, बी टाकून मोकळ्या होणाऱ्या इवल्या वनस्पतींचेच येथे राज्य चालते. मातीत नत्र कमी असल्याने त्यांतल्या काहींनी कीटक पकडण्याची युक्ती साधली आहे. मार्गदर्शकाने भिंगाखाली दवबिंदू नावाची वनस्पती दाखवली. तांबूस पातीवर केसांएवढे तंतू, प्रत्येक तंतूच्या टोकाला चिकट थेंब, आणि त्यातल्या एका थेंबात चिलटाएवढा किडा अडकून पाय हलवत असलेला. धुक्याचे थेंब कोणते आणि झाडाचे कोणते, हे भिंगाशिवाय ओळखता येत नव्हते. तिच्या शेजारीच सीतेची आसवे होती. निळसर जांभळ्या रंगाचे हे फूल करंगळीच्या नखाएवढेही नसते आणि दिसायला अगदी गरीब वाटते, पण त्याच्या मुळांसारख्या भागांवर सूक्ष्म पिशव्या असतात आणि ओल्या मातीतले डोळ्यांना न दिसणारे जीव त्या आत ओढून घेतात. "काकू, तो नुसता कातळ नाही, पाय मागं घ्या," असे त्याने आमच्यातल्या एकींना मध्येच थांबवले तेव्हा त्यांच्या चपलेखाली गेंद या इवल्या रोपाची बटणांसारखी पांढरी फुले होती.

त्यानंतर गट आपोआप शांत झाला आणि प्रत्येक जण वाकून पाहू लागला. मिकी माउस या लाडक्या नावाने मुलांना ठाऊक असलेली कवल्याची पिवळी फुले, ओढ्याकाठचा गुलाबी तेरडा, पंदाचे पांढरे झुपके, आभाळी, सोनकी हे सगळे त्याने एकेका वाक्यात आणि न घोकता सांगितले. टोपली कारवीच्या झुडपांजवळ त्याने बराच वेळ घेतला. ही कारवी सात-आठ वर्षांतून एकदाच सामूहिकपणे फुलते, आणि मधल्या वर्षांत येणारा पर्यटक तिच्याकडे निव्वळ हिरवी झुडपे म्हणून ढुंकूनही पाहत नाही. कास पठार २०१२ मध्ये पश्चिम घाटातील इतर स्थळांसह युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले, महाराष्ट्रातून कोयना, चांदोली आणि राधानगरी ही त्याची सोबती आहेत, एवढे माहितीपत्रकातही होते. परंतु वारशाचा दर्जा मिळाल्यावर गर्दी कशी वाढली, फुले वाचवण्यासाठी पठाराला जाळीचे कुंपण कसे घातले गेले, गुरे चरायची थांबल्याने गवत माजते आणि फुलांना जागा उरत नाही अशी ओरड कशी झाली आणि पुढे कुंपण काढण्यात कसे आले, हे त्या गावच्या माणसाकडून ऐकण्यात जी गंमत होती ती कागदात नव्हती. त्याच्या घरची गुरे याच पठारावर चरत असत, त्यामुळे या वादात त्याचे मत ठाम होते आणि ते त्याने लपवले नाही.

अशा मार्गदर्शकामागे पस्तीस माणसे सोडणे ही संस्थेची सर्वांत मोठी चूक होय. पुढच्या दहा-बारा जणांनाच त्याचे बोलणे ऐकू जात होते, भिंगातून पाहण्याची पाळी येईपर्यंत काहींचा धीर सुटला, आणि मागचे लोक सेल्फी काढत रेंगाळल्याने सहल-व्यवस्थापक सारखा शिट्टी वाजवत होता. एका मार्गदर्शकाऐवजी तीन घेतले असते तर प्रत्येक प्रवाशावर पडणारा बोजा एका कटिंग चहापेक्षा फार जास्त झाला नसता. त्यातही दहाच्या ठोक्याला 'चला, पुढे सज्जनगड आहे' अशी घाई सुरू झाली, आणि कुमुदिनी तळ्याकडे जाणारा राजमार्ग आम्ही तोंडाशीच सोडून दिला. कुमुदिनीची पांढरी फुले पाहायची आमची इच्छा राहून गेली ती राहूनच गेली. सातारा शहराला पाणी पुरवणारा कास तलावही धावत्या गाडीतून, तोही धुक्यातल्या करड्या पट्ट्यासारखा, पाहावा लागला.

त्या घाईतून हाती काय लागले, तर फारसे काही नाही. रविवारची वाहने घाटात अडकल्यामुळे खाली उतरायलाच वेळ गेला आणि सज्जनगडावर पोहोचेपर्यंत दुपारच्या महाप्रसादाची वेळ टळली होती. कार्यक्रमपत्रिकेत महाप्रसादाचा ठळक उल्लेख असल्याने आमच्या गटातील भाविक मंडळी साहजिकच हिरमुसली. समर्थ रामदासांच्या समाधीचे दर्शन मात्र शांतपणे झाले. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी गडाच्या पायऱ्या ओल्या असतात हे ध्यानात ठेवावे. आमच्यातले काही ज्येष्ठ खाली गाडीतच थांबले आणि त्यांच्यासाठी तो तास निव्वळ वाया गेला. एका दिवसात सगळेच उरकण्याच्या हव्यासापायी गडालाही न्याय मिळत नाही आणि पठारालाही. सज्जनगडासाठी वेगळी यात्रा करावी, ती धुक्याच्या सहलीत कोंबू नये.

जेवणाची व्यवस्था ठोसेघरच्या धबधब्याच्या वाटेवरील एका घरगुती खानावळीत होती आणि ती सहलीतली दुसरी जमेची बाजू ठरली. पिठले, हिरव्या मिरचीचा ठेचा, आमटी, वाफाळता भात आणि मागाल तेवढी भाकरी मिळाली. भाकरीच्या बाबतीत सोलापूरकराला खूश करणे अवघड असते, मंगळवेढ्याच्या ज्वारीवर वाढलेली जीभ लगेच तुलना करू लागते, पण चुलीवरच्या त्या भाकरीला नावे ठेवायला जागा नव्हती. सोबत नेलेली शेंगा चटणी आम्ही बाहेर काढली आणि वाढणाऱ्या मावशींनीही ती चाखली. खानावळीत दोन स्वच्छ शौचालये होती, ही बाब महिला प्रवाशांच्या दृष्टीने जेवणाइतकीच महत्त्वाची असल्यामुळे मुद्दाम नोंदवीत आहोत. अख्ख्या दिवसात मनाजोगती सोय मिळाली ती याच एका ठिकाणी.

बोरण्याचा घाट चढून ठोसेघरला गेलो तेव्हा धुके पुन्हा दाटले होते. दरीसमोरच्या सज्जात उभे राहिल्यावर प्रथम केवळ आवाज ऐकू येत होता आणि धबधबा कोणत्या बाजूला आहे यावरून गटात मतभेद होते. दहाएक मिनिटांनी वाऱ्याने ढग बाजूला सारले आणि समोरच्या कड्यावरून अनेक टप्प्यांनी कोसळणारे पाणी वरपासून निम्म्यापर्यंत दिसले, खालचा भाग दरीतल्या ढगातच राहिला. दोन-तीन मिनिटांत पुन्हा सारे झाकले गेले. येथे थांबण्यासाठी दिलेला अर्धा तास फार अपुरा आहे, कारण अशा ठिकाणी वाट पाहणे हाच पाहण्याचा भाग असतो; आमच्यानंतर पाच मिनिटांनी सज्जात आलेल्यांना काहीच दिसले नाही आणि शिट्टी वाजली. चाळकेवाडीच्या पठारावरील पवनचक्क्यांची भेट तर औपचारिकताच होती. खांबाचा बुंधा दिसत होता, वरची पाती दिसत नव्हती, त्यांचा घुमारा तेवढा ऐकू येत होता. मुलांना ते फार आवडले, हे मान्य करायला हवे.

परतीचा प्रवास पाचच्या सुमारास, कंदी पेढ्यांच्या खरेदीनंतर सुरू झाला. जाताना अंधारात निसटलेला रस्ता येताना निदान पहिला दीड-दोन तास उजेडात पाहायला मिळतो आणि तो पाहण्यासारखा आहे. कोरेगावच्या बाजूला घेवडा, आले आणि उसाची हिरवी शेते लागतात, पुसेगावच्या पुढे ऊस विरळ होतो, आणि माणदेशाच्या हद्दीत शिरता शिरता उघडी माळराने, बाजरीची ताटे आणि मेंढ्यांचे कळप दिसू लागतात. सकाळी ज्या ढगात आपण उभे होतो त्याच ढगांच्या शेपटाला या गावांनी किती वर्षे डोळे लावले आहेत, हे सांगण्याची उत्तम संधी सहल-व्यवस्थापकाकडे होती. त्याऐवजी त्याने बसमधला टीव्ही लावला. मार्गदर्शनासह सहल अशी जाहिरात करणाऱ्यांनी मार्गदर्शन फक्त पठाराच्या फाटकापुरते असते अशी समजूत करून घेऊ नये.

एवढे दोष दाखवूनही, ही सहल पैसे वसूल करणारी आहे असेच आम्ही म्हणू. एसटीने साताऱ्यापर्यंत जाता येते, परंतु तिथून कास आणि ठोसेघर ही शहराच्या दोन वेगळ्या दिशांना असलेली ठिकाणे एका दिवसात पाहायची तर वेगळी गाडी करावी लागते, पठाराच्या प्रवेशाचे आरक्षण आधी करावे लागते आणि खर्च जवळपास तेवढाच येतो. ज्यांच्याकडे स्वतःची मोटार आहे आणि घाटात धुक्यातून ती चालवण्याचा सराव आहे, त्यांनी मात्र मुक्काम साताऱ्यात करून कासला सकाळच्या पहिल्या सत्रात जावे आणि समितीचा मार्गदर्शक स्वतंत्रपणे घ्यावा. लहान मुले आणि धडधाकट ज्येष्ठ यांच्यासाठी सहल सोयीची आहे. गुडघ्याचा किंवा दम्याचा त्रास असणाऱ्यांनी, रात्रीचा प्रवास आणि ओला गारठा लक्षात घेऊन, डॉक्टरांना विचारूनच नोंदणी करावी. छत्री पठारावरच्या वाऱ्यात टिकत नाही, रेनकोट न्यावा. चपलांऐवजी पकड असलेले बूट घालावेत, कारण शेवाळलेला जांभा भल्याभल्यांना बसवतो.

संस्थेने शनिवार-रविवारखेरीज मधल्या वारीही एखादी फेरी ठेवावी, कारण पठारावर दररोज मर्यादित पर्यटकांनाच सोडले जाते आणि सुट्टीच्या दिवशी घाटातच दोन तास जातात. सज्जनगड आणि चाळकेवाडी वगळून कासला चार तास व ठोसेघरला दीड तास दिला, तर माणशी दोनशे रुपये जास्त द्यायला आमच्यासारखे अनेक जण तयार होतील. परतीच्या प्रवासात बसमध्ये अभिप्रायाचे कागद वाटले गेले तेव्हा आम्ही हेच लिहून दिले, आणि ते गोळा करताना व्यवस्थापक म्हणाले की ठिकाणे कमी केली तर लोक दुसऱ्या संस्थेकडे वळतात. त्यांचे म्हणणे खोटे नसावे, कारण आमच्या मागच्याच आसनावर बसलेल्या गृहस्थांनी कागदावर महाबळेश्वरही याच सहलीत घ्यावे अशी सूचना केली होती.